पंगत फुटली ते साल

आमच्या गावातली जुनी माणसं एखादी गोष्ट कधी घडली ते सांगताना आकड्यात साल सांगत नाहीत. म्हणतात, ‘पंगत फुटली त्याच्या आदल्या साली माही विहीर झाली,’ किंवा ‘पंगत फुटली तवा हा पोट्टा रांगत होता.’ असं म्हणणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. मागच्या पौषात त्यांतलं एक आणखी कमी झालं. माझी मोठी बहीण जमनाताई गेली. तेव्हापासून हे लिहायचं म्हणते आहे आणि दोन ओळींच्या पुढे सरकत नाही. आज सकाळी यवतमाळात धुकं आहे, कामवाली आलेली नाही, आणि कुणी विचारायला येणार नाही की आजी, काय लिहिताय. म्हणून बसले आहे.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. माझ्याकडचे दोन्ही शब्दकोश आता बांधणीतून सुटले आहेत, तरी हाताशी असतात. त्यांत पंगत बसणे आहे, पंगत मांडणे आहे, पंगत उठणे आहे. ‘पंगत फुटणे’ नाही. तो शब्द आमच्या गावानं केला आणि आमच्या मांडवात केला. तोवर पंगत ही फुटण्यासारखी वस्तू आहे, असं कुणाला वाटलं नव्हतं.

आमचे गुरुजी वर्गात एक खेळ घेत असत. ते जमावाचं नाव घ्यायचे आणि तो जमाव कसा मोडतो ते आम्ही ओरडून सांगायचं. गुरांचा कळप? पांगतो! लाकडाची मोळी? सुटते! पाखरांचा थवा? उडतो! बोरी गावचा बाजार? उठतो! जेवणाची पंगत? उठते! गुरुजी म्हणायचे, एकत्र येण्याचे शब्द सगळ्यांना येतात, वेगळं होण्याचे नीट शिका. त्यांना काही फार मोठं म्हणायचं होतं असं नाही. पाऊस पडत असला की पत्र्याच्या आवाजात दुसरं काही शिकवता यायचं नाही, म्हणून हा आरडाओरडीचा खेळ.

शाळा नाल्याच्या पलीकडे होती आणि आमचं घर अलीकडे. घर मातीचं, पुढे लांब ओसरी. हिवाळ्यात पुढची खोली कापसानं छतापर्यंत भरायची. त्या दिवसांत घरातले सगळे आवाज मऊ व्हायचे. मागच्या अंगणात माय भाकर थापायची, तो थपथप आवाजही कापसातून आल्यासारखा वाटायचा. मी कापसात खड्डा करून पुस्तक वाचत बसे आणि ताई बाहेरून म्हणे, “शांते, निंघ वं त्याच्यातून, सरकीवानी दिसून राह्यली.” ताई माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तिची शाळा चौथीतच सुटली होती, पण घरातल्या सगळ्यांची नक्कल ती करायची; बाबांचं खोकणं, नामाकाकांचं मिशीवरून हात फिरवत हसणं, मायचं गाईला बोलणं. नामाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आमची चूल एकच होती. काकांचं हसू नाल्यापलीकडे ऐकू जाई. बाबा मात्र इतके हळू बोलत की बैलसुद्धा कान मागे करून ऐकत.

त्याच सुमारास आम्ही गावासकट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलो होतो. गुरुजींनी नकाशावर बोट फिरवून सांगितलं, आता आपण तिकडचे नाही, इकडचे. गावात काहीच हललं नाही. मला तेव्हा वाटलं होतं, वेगळं होणं इतकं सोपं असतं.

ताईचं लग्न त्यानंतरच्या उन्हाळ्यात ठरलं आणि ठरलं ते गावातच, नाल्यापलीकडच्या घरी. माय इतकी खूश होती की दोन दिवस ती भाकरी करपवत होती. लेक डोळ्यांसमोर राहणार, सकाळी धूर निघाला की कळणार, चूल पेटली. नवरदेवाला वडील नव्हते. घराचे कर्ते त्याचे थोरले चुलते, दौलतजी. उंच, कोरडा, शब्दाला शब्द न जोडणारा माणूस. नवरदेवाची आई गयाबाई त्यांची धाकटी भावजय. पदर डोळ्यांपर्यंत. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती कधी बोललेली कुणी ऐकली नव्हती.

आमच्याकडच्या पंगतीचे नियम आजच्या मुलांना सांगितले तर हसतात. हल्ली सगळे ताटली हातात घेऊन फिरतात. तिथे कुणी बसतच नाही, तर उठणार काय. तेव्हा पळसाच्या पत्रावळी मांडल्या की माणूस पानावर बसे, आणि एकदा बसला की पंक्तीतला शेवटचा माणूस जेवेपर्यंत उठत नसे. मांडलेल्या पानावरून कुणाला उठवायचं नाही, शत्रूलासुद्धा. ज्याचा मान असेल त्यानं आधी हात धुवायचा, मग बाकीच्यांनी. एखादा म्हातारा सावकाश जेवत असेल तर पन्नास माणसं वाळल्या हातानं बसून राहत आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची पंगत दुपारी बसली. वरण-भात, पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, कढी आणि बुंदी. बुंदी वाढायला नामाकाका स्वतः. पंगत बसताच नवरदेवानं रीतीप्रमाणे रुसवा धरला, पानाला हात लावेना. काकांनी त्याची हनुवटी धरली, बायकांनी त्याला नावं ठेवली, शेवटी बाबांनी घड्याळ काढून त्याच्या मनगटावर बांधलं तेव्हा तो हसला. सगळा मांडव हसण्यानं भरला होता, आणि त्या हसण्यातच पुढची गोष्ट बुडाली. काकांची टोपली दौलतजींच्या अगदी आधीच्या पानाशी रिकामी झाली. ते भरून आणायला गेले. परत आले ते पंक्तीच्या दुसऱ्या टोकाला कुणी हाक मारली म्हणून तिकडून वाढू लागले. तेवढ्यात देवाचं नाव झालं, माणसं जेवू लागली. पंक्तीत एकच पान बुंदीवाचून राहिलं आणि ते नेमकं ज्याचा मान त्याचं.

दौलतजींनी पानावर हात आडवा धरला आणि ते उभे राहिले.

“पाहा वो, इवाई रुसले!” काका पंक्तीच्या त्या टोकावरून ओरडले. “नवरदेवाचा झाला, आता चुलत्याचा रुसवा! यायले काय पाह्यजे, इचारा. सायकल?”

मांडव पुन्हा हसला. मुलाकडचेही हसले. रुसव्याच्या मागे रुसवा, यात नवल काय?

“मी रुसलो नाई, नामाजी,” दौलतजी म्हणाले. “उठलो.”

“उठा बाप्पा, पन बुंदी खाऊन उठा!”

या दुसऱ्या हसण्यानं मात्र घात केला. मुलाकडच्या चार जणांनी हसता हसता दौलतजींचा चेहरा पाहिला आणि त्यांचे चेहरे उतरले. दौलतजी पानावरून बाहेर पडायला वळले, धोतराचा सोगा अडकला, पाय पत्रावळीच्या कडेला लागला आणि वरण मातीत सांडलं. आता आमच्याकडचा एक जण ओरडला, “अन्नाले पाय लावला! लेकीवाल्याच्या अन्नाले!” झालं. त्यांची अख्खी ओळ उठली. समोरच्या ओळीत आमच्या बाजूची माणसं होती, तीही उठली. पानं तशीच. अर्धा खाल्लेला भात, मोडलेल्या पोळ्या, आणि मधल्या वाटेवर बुंदीची टोपली हातात घेऊन उभे काका, अजून अर्धे हसत. त्यांना त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं की हा खेळ नाही.

बाबा नाल्यापर्यंत धावत गेले, हात जोडून. काकांनी त्यांना मागून दंडाला धरून आणलं. “दादा, आपून पोरीवाले हावो, भिकारी नाई.” संध्याकाळी ताईची बैलबंडी निघाली. वाजंत्री नाही, वरात नाही. माय बंडीचा दांडा धरून चालत होती. नाल्याच्या काठाशी कुणीतरी तिचा हात सोडवला.

दुसऱ्या दिवशी गावात नवा शब्द फिरत होता. पंगत फुटली. कुणाच्या तोंडून पहिल्यांदा निघाला ते कुणाला सांगता येणार नाही. उठली म्हणवत नव्हतं, कारण जी जेवून तृप्त होऊन उठते ती पंगत. मोडली म्हणवत नव्हतं, कारण मोडलेलं ओढून-बांधून सरळ करता येतं. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, पहिल्याच पावसात गुरुजींनी खेळ घेतला, आणि “जेवणाची पंगत?” म्हणताच मागच्या बाकावरून दोघं-तिघं ओरडले, “फुटते!” वर्ग हसला आणि माझ्याकडे वळून पाहू लागला. गुरुजींनी त्यानंतर तो खेळ घेतला नाही.

गावात दोन पार्ट्या झाल्या. लग्नात नसलेल्यांनाही एकीत जावं लागलं. खालची विहीर त्यांची, वरची आमची. पोळ्याला दोन तोरणं बांधली गेली. दोघांचीही औतं करणारा सुतार बिचारा सकाळी एका तोरणाखाली आणि दुपारी दुसऱ्याखाली हात जोडून उभा. पंचायतीच्या निवडणुकीची बोलणी सुरू झाली तशी ज्यांना पंगतीचं काही देणंघेणं नव्हतं त्यांनाही फुटलेलं गाव सोयीचं वाटू लागलं. आणि आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी माणसं बसू लागली. चहा पीत, बिड्या ओढत. ती आमच्यासाठी पानावरून उठली होती, म्हणून त्यांना आता ओसरीवरून उठा म्हणता येत नव्हतं.

एकदा बाबा त्यांच्यासमोर म्हणाले, “मी जाऊन येतो दौलतजीकडं. माफी मांगतो. पोरगी मोकळी होईल.”

एकानं बिडी विझवली. मग एक जण फार प्रेमानं म्हणाला, “जा ना दादा. पन मंग आमचं काय? आमी तुमच्या पायी सोयरेधायरे तोडले. तुमी तिकडं जाऊन पाय धरसान, आन आमी अथी तोंड घेऊन कुठी जावं?”

“बरोबर हाय,” काका म्हणाले. त्यांची चूक झाली हे त्यांना आतून माहीत होतं, मला वाटतं. म्हणूनच त्यांना कुणी माफी मागितलेली चालणार नव्हती. एकदा बाबांनी मागितली असती तर ती काकांच्या नावानं मागितल्यासारखी झाली असती. बाबा गेले नाहीत. त्या वर्षात बाबा इतके गप्प झाले की माय त्यांना विचारायची, “बरं वाटून नाई राह्यलं काय?” दौलतजींनी आम्हाला बांधलं नव्हतं. आम्हाला आमच्याच माणसांनी बांधलं होतं, आणि सुटायचं तर त्यांच्या प्रेमाला लाथ मारावी लागणार होती.

नागपंचमी आली, लेकी माहेरी आल्या, ताई आली नाही. पोळा गेला. दिवाळी गेली. ताईच्या घरातून धूर निघालेला मायला दिसायचा, बस तेवढंच. वाटेत गयाबाई दिसली तर माय खाली बघायची आणि गयाबाई पदर आणखी पुढे ओढायची.

माझी शाळेची वाट मात्र ताईच्या सासरच्या भिंतीला लागून जायची. भिंतीला एक लहान खिडकी, लाकडी गजांची. तिथे थांबायचं नाही, बोलायचं नाही, असं मला दोन्हीकडून बजावलेलं. सकाळी आतून जात्याची घरघर ऐकू यायची. मी खिडकीशी आले की खोकायची. जातं थांबायचं. मी चालत पुढे जायची, कोपऱ्यापाशी पोहोचले की जातं पुन्हा सुरू व्हायचं. आमचं सगळं बोलणं इतकंच. परतताना जातं नसायचं, त्यामुळे खिडकीतून काय ऐकायचं तेच कळायचं नाही. आज माझ्या स्वयंपाकघरात मिक्सर आहे. तो मध्येच बंद पडला की अजूनही वाटतं, बाहेरून कुणीतरी गेलं.

थंडी पडली, तुरी शेंगांनी वाकल्या, आणि कुठून तरी मायला कळलं की ताईला दिवस गेले आहेत आणि सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्यात हे इतकं ठरलेलं की त्याला नियमसुद्धा म्हणत नाहीत. माय दोन दिवस काकांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी काकाच म्हणाले, “थे धाडनार नाईत, वयनी. आन आपून मांगनार नाई.” माय आत गेली आणि तिनं भाजीच्या सोल्यांसाठी तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या. रात्री काकूनं तिच्या पुढचं टोपलं उचललं तेव्हा तिची नखं हिरवी झाली होती.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर माझ्या वर्गातली सिंधू मला ओढत घेऊन गेली. ती त्या बाजूची. “चाल ना वं, तुह्याच ताईचं डोहाळजेवन हाय, सगळ्या पोरी चालल्या.” मी नको नको म्हणत होते आणि पाय चालत होते. आत बायकांची पंगत मांडली होती, भिंतीच्या कडेनं, दोन ओळी. मी शेवटच्या पानावर बसले आणि मान खाली घातली.

“हे कशी आली वं अथी?” कुणीतरी म्हणालं.

“बसली ना पानावर?” गयाबाईचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. वाढता वाढताच ती बोलली. “मांडल्या पानावरून कोनाले उठवते?”

समोर पाटावर ताई होती. हिरवं लुगडं, केसांत शेवंती, चेहरा भरलेला आणि डोळ्यांखाली काळं. तिनं मला पाहिलं. ओळख दाखवली नाही. जातं थांबलं होतं, एवढं मला कळलं. आणि त्या घडीला ते तिनं पुन्हा सुरू करायचं नाही असं ठरवलं असावं, कारण देवाचं नाव झालं, बायकांनी हात पुढे केले, आणि ताईनं हात मांडीवरच ठेवले.

डोहाळजेवणाचा मान तिचा होता. तिनं घास घेतल्याशिवाय कुणी घेणार नव्हतं.

“जेव वं, जमने. कढी निवून राह्यली.”

ताईनं पानाकडे पाहिलंही नाही.

“डोहाळे लागले तिले! काय पाह्यजे वं, चिचा का माती?” एक जण म्हणाली आणि बायका हसल्या. दुसरी म्हणाली, “बुंदी राह्यली वाटते वाढाची!” त्यावर मात्र कुणी हसलं नाही. सिंधूनं माझा हात दाबला.

ताई म्हणाली, “मायच्या हातची सोल्याची भाजी पाह्यजे.”

“सोले काय, आपल्या घरी पोतंभर हायत. आत्ता करतो.”

“मायच्या हातची. आन वाढाले मायच पाह्यजे.”

गयाबाई पळीनं पातेल्याची कड खरवडत होती, तेही थांबलं. पंक्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं घसा साफ केला. “ते काई होत नाई, लेकी. तुले मालूम हाय. जेव.”

“मंग बसा,” ताई म्हणाली.

आणि आम्ही बसलो. उठायचं तर तिनं आधी उठायला हवं, आणि तिनं जेवायला सुरुवातच केली नव्हती. दारातून आलेलं ऊन माझ्या पत्रावळीवर होतं, ते सरकून सिंधूच्या पत्रावळीवर गेलं. कढीवर साय धरली. माश्या आल्या. एका बाईचं मूल रडलं, तिनं बसल्या जागी त्याला पाजलं. म्हातारीचे गुडघे धरले आणि ती हळूहळू विव्हळू लागली, पण उठली नाही. माझे पाय मुंग्यांनी भरले. पोटात भूक आणि समोर पोळी, आणि मला एवढंच कळत होतं की आठ महिने ताई जिथे बसली होती तिथे तिनं आज सगळ्यांना आणून बसवलं आहे.

बाहेर दौलतजींचा खाकरा ऐकू आला. बायकांचे पदर पुढे आले. “काय झालं? पंगत उठली नाई काहून अजून?”

म्हातारीनं सांगितलं. तिनं काहीच वगळलं नाही.

“उठवा पंगत,” दौलतजी म्हणाले.

“कोन उठवन, बाप्पा? थे उठन त उठन.”

ताईची मान खाली होती. पदराआडून ती चुलतसासऱ्यांशी बोलली, आणि तिचा आवाज कापत होता, नक्कल करताना कधी कापला नव्हता तसा. “मामाजी, तुमी उठले होते. मी नाई उठत.”

दौलतजी वळले. ते बाहेरच्या ओट्यावर बसले, आमच्याकडे पाठ करून. हो नाही, नाही नाही. ती पाठ इतका वेळ हलली नाही की मला वाटलं, आता दिवा लावायची वेळ होईल आणि आम्ही इथेच. तेव्हा गयाबाईनं हातातली पळी खाली ठेवली. त्या घरात त्या वेळी पानावर न बसलेली ती एकटीच बाई होती. तिनं हात धुतले, पदर सावरला आणि ती दारातून जेठाच्या शेजारून बाहेर पडली.

“कुठी चाल्ली?” दौलतजींनी विचारलं.

ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. नाल्याकडे चालू लागली.

आमच्या घरी काय झालं ते मायनं नंतर कितीदा तरी सांगितलं, आणि दर वेळी तेवढंच. गयाबाई सगळ्यांदेखत ओसरीसमोर येऊन उभी राहिली. ओसरीवर नेहमीची माणसं होती. ती म्हणाली, “ईनबाई, लेक पानावर उपाशी बसली. सोल्याची भाजी घेऊन चाला.” मायनं कालच्या सोल्यांची भाजी शिजत होती ते पातेलं चुलीवरून उतरवलं, तसंच, फडक्यात धरून. काका वाटेत उभे राहिले. “वयनी, नाला वलांडला त आपली चूल वायली.”

“वायली त वायली,” माय म्हणाली.

बाबांनी एकच केलं. पायरीवर जो माणूस पसरून बसला होता त्याला ते म्हणाले, “जरा सरका.” इतक्या हळू की त्याला दोनदा सांगावं लागलं. तो सरकला.

पातेल्याचा वास आधी आला, मग माय. ती दारात आली आणि ओट्यावरच्या दौलतजींपाशी थांबली. गयाबाई आतून एक पत्रावळ घेऊन गेली. मायनं ती त्यांच्यासमोर ओट्यावर मांडली आणि पळीभर भाजी वाढली. आधी त्यांना. दौलतजींचा हात पुढे आला. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता तो पानावर आडवा पडणार. म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला.

“मीठ कमी हाय,” ते म्हणाले.

“घाईत आनली,” माय म्हणाली आणि आत आली.

तिनं ताईच्या पानावर वाढलं.  मायचा हात पळीसकट पानावर थोडा जास्त वेळ थांबला. मग तिनं दोन्ही ओळींत प्रत्येकीला वाढलं, बोटावर मावेल इतकं, माझ्या पानापर्यंत येईतो पातेल्यात खरवडच उरली होती. ताई जेवली. आम्ही सगळ्या थंडगार अन्न जेवलो. मी तसं जेवण पुन्हा कधी जेवले नाही. शेवटी ताईनं हात धुतला आणि तिला उठता येईना, पाय सुन्न झाले होते. एका बाजूनं मायनं धरलं, दुसऱ्या बाजूनं गयाबाईनं. तेव्हा ती पंगत उठली.

तिसऱ्या दिवशी दौलतजींच्या घरची बैलांची रेंगी नाला ओलांडून आली आणि ताई आमच्या अंगणात उतरली. मुलगा आमच्या घरी झाला, कापसाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत. पण गाव जुळलं असं कुणी समजू नये. पुढे कितीतरी वर्षं पोळ्याला दोन तोरणं बांधली गेली. दौलतजी आमच्या घरी कधी आले नाहीत. आणि काकांनी चूल वेगळी करण्याचा शब्द पाळला. त्या संक्रांतीआधी ओसरीच्या मधोमध कुडाची भिंत आली आणि तिच्या पलीकडे काकूनं दुसरी चूल घातली. काका भिंतीपलीकडे हसायचे तेव्हा बाबा हातातलं काम थांबवून ऐकायचे. बाबा गेले तेव्हा काका तेरवीला आले, सगळ्यांना वाढलं, वाढताना टोपली एकदाही मध्येच रिकामी होऊ दिली नाही. स्वतः मात्र पानावर बसले नाहीत. एक लेक मोकळी करायला मायनं काय मोडलं, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

ताईच्या तेरवीला गावी गेले होते. तिच्या मुलानं, त्याच आमच्या घरी जन्मलेल्यानं, मांडववाल्याच्या टेबलांना नाही म्हटलं आणि पंगत बसवली. पत्रावळी कागदी होत्या, यंत्रावर दाबलेल्या. नाल्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे कसे बसले होते ते मी पाहिलं नाही, कारण ओळखीचे चेहरेच उरले नाहीत. मी जेवले. सोल्याची भाजी होती, मीठ बरोबर होतं. जेवून झालं आणि मी पानाकडे बघत बसले. ताईसाठी म्हणून इतकी माणसं पुन्हा कधी एका ओळीत बसणार नव्हती. मी बसून असेपर्यंत ती सगळी बसून होती.

कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. ताईची नात होती. “आजी,” ती कानाशी म्हणाली, “तुमी उठल्याशिवाय कोनाले उठता येत नाई. आता तुमीच मोठ्या.”

मी मान वर केली. समोरच्या ओळीच्या टोकाला सात-आठ वर्षांची एक मुलगी मांडी मोडून बसली होती, हात वाळलेला, डोळे माझ्यावर. तिच्या पायांना मुंग्या आल्या असाव्यात.

मी जमिनीला हात टेकला. एका बाजूनं नातीनं धरलं. दुसरी बाजू रिकामी होती. मी उठले, आणि माझ्यामागे सगळी पंगत उठली.